दूरची मराठी आणि घरची बोली

पदवीच्या वर्गास इंग्रजी काव्य शिकविताना लाँगफेलोचे 'इव्हँजेलिन' हे कथाकाव्य माझ्या वाट्यास अनेकदा आले आहे. १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या या काव्याचा विषय इतिहासातील आहे. आज ज्यास नोव्हा स्कोशिया म्हणतात त्या अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, अकेडिया या मुलखात, फ्रेंच बोलणारे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १७५५ साली इंग्रज अंमलदारांनी त्यांना घरादारांतून उठविले, जहाजांत घातले आणि देशोधडीस लाविले. ऐन विवाहाच्या वेळी ताटातूट झालेली इव्हँजेलिन आपल्या गॅब्रिएलला शोधीत सारे आयुष्य वेचते आणि तो भेटतो तो मृत्युशय्येवर. वर्गात हा भाग आला की कोणीतरी डोळे पुसतेच.

दोन वर्षांपूर्वी मात्र पाचोऱ्याकडच्या एका विद्यार्थ्याने डोळे न पुसता मला प्रश्न विचारला: "सर, ती माणसे पुढे घरात कोणती भाषा बोलत?" मला उत्तर देता येईना. इतकी वर्षे ते काव्य मी शिकविले, परंतु ज्या लोकांचे दुःख मी वाचून दाखवीत होतो ते लोक माझ्या वर्गात ज्यांनी त्यांना हाकलले त्यांच्याच भाषेत रडत होते, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाने मला थोड्या लोकांच्या भाषेचा इतिहास लिहिणाऱ्यांकडे वळविले, आणि तेथून फिरून धुळ्यास, म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्याकडे आणून सोडले. या फेरीत जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवितो.

मोठ्या राष्ट्राचा इतिहास लिहिणाऱ्यास आपला विषय अस्तित्वात आहे हे सिद्ध करावे लागत नाही. इंग्लंडचा इतिहासकार, इंग्लंड म्हणून काही आहे, येथून आरंभ करीत नाही. ज्यांची भाषा चारी बाजूंनी दुसऱ्या भाषेने वेढलेली आहे त्यांच्या इतिहासकारास मात्र पहिले प्रकरण बहुधा फिर्यादीच्या उत्तरादाखल लिहावे लागते. कॅनडातील फ्रेंच भाषकांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १८३७-३८ च्या बंडाळीनंतर चौकशीसाठी आलेल्या लॉर्ड डरहॅम याने १८३९ च्या आपल्या अहवालात या लोकांस इतिहास नाही व वाङ्मयही नाही, असा अभिप्राय नोंदविला. त्यांनी इंग्रजीत विरून जावे यातच त्यांचे हित आहे, असा त्याचा एकंदर रोख होता. फ्रांस्वा-झाविए गार्नो या क्वेबेकच्या गृहस्थाने त्यास जे उत्तर दिले ते म्हणजे त्याचा कॅनडाचा इतिहास. १८४५ साली त्याचा पहिला खंड निघाला आणि डरहॅमच्या अभिप्रायातील निम्मा भाग त्याच दिवशी खोटा ठरला.

गार्नोची योग्यता मोठी, यात शंका नाही. तथापि उत्तरादाखल लिहिलेल्या इतिहासास एक खोड जडते. प्रश्न प्रतिपक्षाने घातलेला असतो आणि उत्तर देणारा नकळत त्याचेच माप हाती घेतो. तुम्हांस इतिहास नाही, असे म्हणणाऱ्याच्या मनात इतिहास म्हणजे लढाया, सुभेदार, तह आणि पराक्रम. म्हणून उत्तर देणाराही लढाया, सुभेदार, तह आणि पराक्रम यांचीच मांडणी करितो. घरात चुलीपुढे बसून ज्यांनी ती भाषा शंभर वर्षे जिवंत ठेविली त्यांचे नाव अशा ग्रंथात क्वचितच येते, कारण फिर्यादीने त्यांच्याविषयी विचारलेलेच नसते.

हेच माप घेऊन आता आपल्या घरच्या थोर इतिहासकाराकडे पाहू. राजवाडे आपल्या अखेरच्या काळात धुळ्यास राहिले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचा देह पडला, आणि १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावी उभे राहिले. खान्देशातील सुशिक्षित घराण्यांस या गोष्टीचा योग्य तो अभिमान आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढणारा हा पुरुष गावोगाव दप्तरे धुंडाळीत हिंडला. परदेशी विद्वानांच्या वाहवेसाठी त्याने आपली मते इंग्रजीत मांडिली नाहीत, ज्यांचा इतिहास त्यांच्याच भाषेत तो लिहिला. थोड्यांच्या भाषेच्या कोणाही इतिहासकारास हा पहिला धडा आहे, आणि गार्नोने इंग्रजी राज्यात राहून फ्रेंचमध्ये लिहिले त्याच जातीची ही निष्ठा आहे.

राजवाडे हे सबंध मराठी राष्ट्राचे इतिहासकार. त्यांस अल्पसंख्यांचा इतिहासकार म्हणावे काय, असे कोणी विचारील. परंतु त्यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेला जयराम पिंड्ये याचा 'राधामाधवविलासचंपू' पाहावा. हा ग्रंथ सतराव्या शतकाच्या मध्यास बंगळुरास शहाजीराजांच्या आश्रयाने झाला. तेथे आजूबाजूचा लोक कानडी, पलीकडे तेलुगू आणि तमिळ, दरबारी लिखापढीत फारसी, पंडितांत संस्कृत. आणि या साऱ्यांच्या मध्ये मराठी बोलणारे मूठभर लोक. जयराम स्वतः अनेक भाषांचा जाणता होता आणि त्याच्या ग्रंथातही संस्कृताबरोबर देशी भाषांतील रचना आली आहे. परमुलखात गेलेली मराठी इतर भाषांच्या सोबतीत कशी नांदत होती, याचा इतका सजीव दाखला दुसरा सहसा मिळणार नाही. तो छापून काढून, मराठीचा इतिहास सह्याद्रीच्या आसपास संपत नाही हे राजवाड्यांनी दाखविले, हा त्यांचा मोठा उपकार होय.

परंतु ग्रंथास जोडलेली विस्तृत प्रस्तावना वाचताना मनात एक खंत राहते. राजवाड्यांची दृष्टी शहाजीवर खिळलेली आहे. शहाजी म्हणजे केवळ विजापूरचा एक सरदार, ही रूढ समजूत खोडून काढून त्याचे कर्तृत्व प्रस्थापित करणे हा त्यांचा हेतू, आणि तो त्यांनी आपल्या नेहमीच्या जोमाने तडीस नेला आहे. त्या दरबाराच्या पाठोपाठ जे कारकून, भिक्षुक, शिलेदार, स्वयंपाकी आणि त्यांची बायकामुले दक्षिणेत गेली, त्यांनी शेजारच्या कानडी माणसाशी काय भाषा केली, त्यांच्या मुलांच्या तोंडी कोणते शब्द बसले, या प्रश्नांकडे त्यांचा विस्मयकारक व्यासंग वळत नाही. दोन वर्षांनी काढिलेल्या 'महिकावतीच्या बखरी'च्या प्रस्तावनेत ते उत्तर कोंकणातील सामान्य जनांचा विचार करितात खरा, पण तेथेही हे लोक राज्यसत्तेविषयी उदासीन का, हाच प्रश्न मुख्य. सामान्य मनुष्य त्यांस दिसतो तो राज्याच्या खिडकीतून.

हा दोष लहान नव्हे, आणि तो का लहान नव्हे हे तंजावरकडे पाहिले म्हणजे कळते. शहाजीचा पुत्र व्यंकोजी याने १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि पुढे सुमारे एकशे ऐंशी वर्षे तेथे भोसल्यांचे राज्य चालले. त्या घराण्यातील राजांनी मराठी नाटके रचिली. दुसऱ्या सरफोजीने सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला. १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतींवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. एवढी साधने असल्यावर इतिहासकारास काय उणे? पण १८५५ साली शेवटचा शिवाजीराजा पुत्रावाचून वारला, पुढील वर्षी कंपनीने राज्य खालसा केले, आणि दरबारी दप्तराचा ओघ तेथेच आटला. भाषा मात्र तेथे थांबली नाही. तंजावर आणि कुंभकोण येथील मराठी घरांत ती पुढेही बोलली गेली. कुंभकोणास जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाण झाले म्हणून त्यांचे नाव आपण जाणतो. परंतु ज्यांनी कोणाची दिवाणगिरी केली नाही, बाजारात तमिळ बोलून घरी येऊन मुलांशी मराठी बोलण्याचा नेम ज्यांनी पाळिला, त्यांच्या इतिहासाचा आरंभच मुळी राजा मेल्यानंतर होतो. राजाश्रय असताना भाषा टिकली यात नवल ते काय? तो गेल्यावर ती कोणी व कशी टिकविली, हा खरा प्रश्न. आणि दप्तरावर विसंबणारा इतिहासकार नेमका त्याच ठिकाणी लेखणी खाली ठेवितो.

याच्या उलट रीतीचे एक उदाहरण मला माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर शोधताना मिळाले. अकेडियातून हाकललेल्यांपैकी पुष्कळ लोक १७६५ पासून लुईझियानात येऊन वसले. त्यांच्या वंशजांस आज केजन म्हणतात. कार्ल ब्रासो या इतिहासकाराने १९८७ व १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या दोन ग्रंथांत त्यांची १८७७ पर्यंतची कहाणी सांगितली आहे. लाँगफेलोने त्यांस भोळे, संतुष्ट, एकदिलाने नांदणारे खेडूत म्हणून रंगविले. ब्रासोने जनगणनेची पत्रके, धर्मपीठांतील विवाहाच्या नोंदी, कोर्टकचेऱ्यांतील कागद यांचा ढीग उपसून दाखविले की या लोकांत लवकरच गरीब व श्रीमंत असे थर पडले. काही जण गुलाम बाळगणारे मळेवाले बनले. शेजारच्या स्पॅनिश, जर्मन व इतर घराण्यांशी शरीरसंबंध होऊन केजन म्हणून जो समाज झाला तो मुळात एका रक्ताचा नव्हताच. आपल्याच प्रांतातील लोकांविषयी असे लिहिणे सोपे नाही. पण या लेखनाने त्या लोकांची किंमत कमी होत नाही. काव्यातील चित्र पुसले गेले तरी माणसे उरतात, आणि माणसांचाच इतिहास लिहिता येतो.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे की, ती माणसे घरात फ्रेंचच बोलत राहिली. पण १९२१ साली लुईझियानाच्या राज्यघटनेने शाळांतील शिक्षण इंग्रजीतच असावे असे ठरविल्यावर मैदानात फ्रेंच शब्द उच्चारणाऱ्या मुलांस शिक्षा होऊ लागल्या. त्या शिक्षा भोगलेल्यांनी पुढे आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणे सोडिले. १९६८ साली त्याच राज्याने फ्रेंचच्या संवर्धनासाठी मंडळ नेमिले, तोवर एक पिढी हातची गेली होती. ज्या भाषेस जहाजांत भरून देशोधडी लाविले तरी मरण आले नाही, ती शाळेच्या अंगणात अर्धमेली झाली.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा तो विद्यार्थी हसला आणि म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखेच." त्याचे म्हणणे मला आवडले नाही, कारण ते खरे होते.

खान्देशात मराठी अल्पसंख्य नाही. परंतु येथे मराठीच्या पोटात आणखी एक भाषा आहे. ग्रियर्सनच्या भाषापाहणीच्या १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खान्देशीचा विचार मराठीबरोबर न करिता भिल्ल बोलींच्या शेजारी केला आहे. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा हा वाद पंडितांचा आहे आणि त्याचा निकाल येथे लावण्याचा माझा अधिकार नाही. ऐकणाऱ्याच्या कानास एवढे कळते की, येथे 'आहे' याच्या ठिकाणी 'शे' म्हणतात, आणि त्यास गुजरातीतील 'छे' जवळचा. मुलाला 'आंडोर' म्हणतात. 'मला' याच्या ठिकाणी 'माले' येते. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा व्यापाराचा रस्ता ज्या मुलखातून गेला, फारुकी सुलतान जेथे १६०१ पर्यंत राज्य करीत होते, त्या मुलखाची भाषा सोवळी राहिली असती तरच आश्चर्य.

आता या भाषेच्या अभिमानी मंडळींत गार्नोची खोड दिसू लागली आहे. अहिराणीस कोणी गावंढळ म्हणाले की उत्तर तयार असते: ही आभीर राजांची भाषा, आणि आभीर ईश्वरसेनाचा लेख नाशिकच्या लेण्यात आहे. लेख आहे, हे खरेच. पण तिसऱ्या शतकातील राजाने पाठीवर हात ठेविल्यावाचून एखाद्या आईची भाषा प्रतिष्ठित होत नाही, असे मानणे म्हणजे हिणविणाऱ्याचेच म्हणणे निराळ्या शब्दांत मान्य करणे नव्हे काय? राजवाड्यांचे शिष्यत्व आपण त्यांच्या श्रमांत पत्करावे. राजाच्या दारातूनच इतिहासात शिरण्याची त्यांची सवय पत्करू नये.

याचा दाखला याच मातीत आहे. १८८० साली जळगावाजवळच्या आसोद्यास जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची लेवा पाटीदारांची बोली अहिराणीहून निराळी, पण तीही याच खान्देशाची. जात्यावर, शेतात त्या जे म्हणत ते त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक आप्त यांनी उतरून ठेविले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. पुढील वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ते काव्य प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्र थक्क झाला. समजा, त्या दोघांनी ते उतरून घेतले नसते, तर? कोणत्या दप्तरात, कोणत्या रुमालात, कोणत्या ताम्रपटात या बाईचा शोध राजवाड्यांस लागला असता? त्याच काळात, त्याच मुलखात, दुसऱ्या किती जात्यांवर काय म्हटले गेले व विरून गेले, हे आता कोण सांगणार? २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठास बहिणाबाईंचे नाव आहे. ज्या विद्यापीठाचे नाव निरक्षर स्त्रीचे, त्याच्या पदवीधरांनी तरी कागदापलीकडे इतिहास नाही असे म्हणू नये.

येथे मला माझ्यावरचाच आरोप सांगितला पाहिजे. माझी आई गिरणाकाठच्या खेड्यातील. तिची भाषा अहिराणी. मी इंग्रजी पहिलीत गेलो तेव्हा वर्गात 'शे' म्हणालो म्हणून एका शिक्षकांनी मला बाकावर उभे केले आणि मुले हसली. त्या दिवशी घरी येऊन मी आईस बजाविले की माझ्या मित्रांसमोर तसे बोलू नकोस. तिने ते ऐकले. पुढे चाळीस वर्षे ती माझ्याशी अडखळत शुद्ध मराठी बोलली आणि शेजारच्या बायकांशी मात्र मोकळेपणाने आपल्या भाषेत. मला माझ्या आईचा विनोद कधी समजला नाही, कारण ती मराठीत विनोद करीत नसे. हे मला तिच्या दशक्रियेस जमलेल्या बायका तिच्या गोष्टी सांगून हसू लागल्या तेव्हा कळले. लुईझियानाच्या शाळांविषयी मी वर्गात तावातावाने बोललो. पण माझ्या घरातील शिक्षा माझ्या आईस मीच केली होती.

म्हणून आकडे वाचताना मला आता स्वस्थ वाटत नाही. २००१ च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ मध्ये ते सुमारे १८ लाख ६० हजार झाले. दहा वर्षांत धुळे, जळगाव, नंदुरबार ओस पडले नाहीत. माझी समजूत अशी की माणसे आहेत तेथेच आहेत. मोजणीदार दारात आल्यावर त्यांनी काय सांगितले, तेवढेच बदलले. मीही मराठीच सांगितले होते.

मराठी ही कोट्यवधींची भाषा, तिला इंग्रजीचे भय वाटते आणि ते वाजवी आहे. परंतु तंजावरच्या मराठीविषयी हळहळणाऱ्या आपणांस गिरणाकाठच्या भाषेविषयी काही वाटत नसेल, तर आपली हळहळ भाषेसाठी नसून गेलेल्या राज्यासाठी आहे, असे कोणी म्हटल्यास त्यास काय उत्तर देणार? राजवाड्यांच्या पद्धतीची परीक्षा अखेर येथेच होते. ज्ञानेश्वरीच्या व्याकरणासाठी एकेका प्रत्ययाचा ज्यांनी माग काढिला, ज्यांच्या पश्चात त्यांचा धातुकोश प्रसिद्ध झाला, त्या पुरुषास शब्दांची नड होती हे उघड आहे. त्यांनी गावोगाव पायपीट केली ती कागद मिळविण्यासाठी; आज जो त्यांच्या मागून जाईल त्याने तीच पायपीट म्हाताऱ्या माणसांच्या ओसरीपर्यंत न्यावी. हे काम राजवाड्यांच्या विरुद्ध नाही, त्यांच्या पुढचे आहे. अहिराणीचे कोश व व्याकरणविचार करणारे अभ्यासक अलीकडे झाले आहेत. त्यांच्या कामास घराघरांतून साह्य मिळणे एवढेच उरले आहे.

या मासिकाच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी अद्याप कोणी वडील माणूस 'शे' म्हणणारे असेल, त्यांस माझी विनंती फार मोठी नाही. त्या विद्यार्थ्याने यंदा इंग्रजीच्या वहीच्या मागल्या पानांवर आपल्या आजीचे शब्द लिहिण्यास आरंभ केला आहे. स्वयंपाकाचे, शेताचे, नात्याचे, शिव्यांचेसुद्धा. त्याने मला वही दाखविली तेव्हा त्यातील पुष्कळसे शब्द मी लहानपणी ऐकलेले निघाले. एका शब्दाचा अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता व मलाही आठवेना. तो म्हणाला, आजीला विचारून सांगतो.